अभिनंदन कुणाचं?

कुणी मूल दत्तक घेतल्याची बातमी कळली की माणसं आधी आईवडिलांची पाठ थोपटतात आणि त्याच दमात मुलाचं नशीब वाखाणतात. "मोठं पुण्याचं काम केलंत हो!" आणि "पोर नशीबवान!" माझ्या धाकट्या बहिणीने मुलगी दत्तक घेतली, ती भाची आता सतरा वर्षांची आहे, आणि ही दोन वाक्यं मी लग्नात, दवाखान्यात, जिन्यात, कुठे कुठे ऐकली आहेत. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. चार गोड शब्द बोललो, असंच त्याला वाटतं. पण बहिणीला पुण्य नको होतं, मूल हवं होतं. ते मिळालं. ज्याला हवं ते मिळालं त्याला नशीबवान म्हणायचं असतं, एवढा साधा हिशेब आहे.

पुण्य म्हटलं की खातं उघडतं. एकाने दिलं, दुसऱ्याने घेतलं, आणि घेणाऱ्याने जन्मभर ओशाळं राहायचं. पोटच्या पोराने दार आपटलं तर ते वय असतं. दत्तक पोरीने आपटलं तर "एवढं केलं तिच्यासाठी, आणि बघा!" हे 'एवढं' म्हणजे नेमकं किती, ते कुणी सांगत नाही. जेवूखाऊ घातलं, शाळेत घातलं, तापात उशाशी बसून रात्र काढली, हे सगळं आम्हा बहिणींसाठी आमच्या आईनेही केलं. तिला कुणी पुण्यवान म्हटल्याचं मला आठवत नाही.

त्यामुळे आपल्या आसपासच्या लोकांनी दत्तकाचं कौतुक कसं करावं, पाठबळ कसं द्यावं, अशी चर्चा निघाली की मी आधी विचारते, कौतुक चाललंय ते कुणाचं?

दत्तकासाठी खास दिवस आणि सप्ताह पाळण्याची पद्धत तशी अलीकडची. अमेरिकेत १९७६ साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर मायकेल डुकाकिस यांनी आपल्या राज्यापुरता दत्तक सप्ताह जाहीर केला. पालकांचे सत्कार करावेत असा त्यामागे विचार नव्हता. सरकारच्या देखरेखीखाली तात्पुरत्या घरांत राहणारी, कायमच्या घराची वाट बघणारी मुलं आहेत, हे लोकांच्या कानावर घालायचं होतं. १९८४ मध्ये तो सप्ताह देशभर झाला आणि १९९५ पासून अख्खा नोव्हेंबर महिना त्यासाठी ठरला. २००० सालापासून त्या महिन्यातल्या एका शनिवारी अनेक न्यायालयं खास उघडी राहतात आणि दत्तकाची प्रकरणं हातावेगळी करतात. त्या दिवशी तिथे फुगे असतात, फोटो असतात, न्यायाधीशांच्या खुर्चीत बसलेली मुलं असतात. मला मात्र त्या सगळ्यात सुट्टीच्या दिवशी फायली काढायला आलेला कारकून जास्त आवडतो. ज्यांच्या घरी मूल यायचंय त्यांना विचारा, फुगा हवा की सही.

पुढे २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये एक वेगळाच सूर लागला. लहानपणी दत्तक गेलेली आणि आता वयाने मोठी झालेली माणसं समाजमाध्यमांवर 'फ्लिप द स्क्रिप्ट' असा हॅशटॅग घेऊन लिहू लागली. महिनाभर आमच्याविषयी सगळे बोलतात, पालक बोलतात, संस्था बोलतात, पुढारी बोलतात, मग आम्ही का नाही, असा त्यांचा सवाल होता. त्यातलं बरंचसं लेखन मी वाचलं आणि काही दिवस अस्वस्थ झाले. आईवडिलांवर जीव असलेली माणसंही त्यात होती. त्यांना फक्त एवढंच सांगायचं होतं की ज्या दिवशी आम्ही एका घरात आलो, त्याच्या आधी कधीतरी आम्ही एका घरातून गेलो होतो. तुमच्या सणाच्या दिवशी आम्हाला ते आठवलं तर चालेल ना?

दक्षिण कोरियात हाच प्रश्न तारखांवर येऊन ठेपला. तिथे २००६ पासून ११ मे हा दत्तक दिन आहे. मे हा त्यांचा कुटुंबाचा महिना, आणि एका कुटुंबाने एक मूल घेतलं की दोन 'एक' शेजारी उभे राहतात, म्हणून अकरा तारीख. कल्पना सुरेख आहे. पण १९५० च्या दशकापासून शतक संपेपर्यंत त्या देशातून सुमारे १ लाख ४० हजार मुलं परदेशात दत्तक गेली, आणि त्यातली पुष्कळशी अविवाहित आयांची होती. लोकांची नजर आणि रिकामा खिसा यांपुढे ज्यांचं काही चाललं नाही अशा बाया त्या. २०११ मध्ये अशा आया आणि परदेशात वाढून परत आलेली दत्तक माणसं एकत्र आली आणि त्यांनी ११ मे याच दिवशी एकल मातांचा दिवस पाळायला सुरुवात केली. काही वर्षांनी सरकारने १० मे हा एकल पालकांच्या कुटुंबांचा दिवस म्हणून मान्य केला. दत्तक दिनाच्या बरोबर आदल्या दिवशी. म्हणजे जिने जन्म दिला तिला मूल सांभाळता येईल का, ते आधी बघा, दत्तकाचं उद्या बघू. कॅलेंडरच्या लागून आलेल्या दोन चौकोनांत इतकं शहाणपण मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

हे शहाणपण फार उशिरा आलं, ही गोष्ट वेगळी. मार्च २०२५ मध्ये त्याच देशाच्या सत्यशोधन आयोगाने सांगितलं की परदेशी पाठवताना आईवडील हयात असलेल्या मुलांनाही कागदोपत्री अनाथ दाखवलं गेलं, नोंदी बदलल्या गेल्या आणि सरकारने आपली जबाबदारी पार पाडली नाही. त्याआधी २१ मार्च २०१३ रोजी ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी ज्या आयांकडून दडपणाखाली मुलं काढून घेतली गेली त्यांची आणि त्या मुलांची देशाच्या वतीने माफी मागितली होती. या बायांना त्या काळी आजूबाजूच्यांनी काय सांगितलं असेल, ते ऐकू येतं मला. मुलाचं भलं होईल, तू विसरून जा, पुण्य लागेल. तिथेही पुण्य होतंच.

हे सगळं सांगितल्यावर, मग दत्तक नकोच का, असं कुणी विचारतं. उलट आहे. ज्या मुलाला खरोखर घर नाही त्याच्यासाठी घरासारखं दुसरं काहीही नाही, संस्था कितीही चांगली असो. म्हणूनच कुठलं मूल खरोखर बेघर आहे, हे नीट पाहायला हवं. अनाथाश्रमांत वाढणाऱ्या बहुसंख्य मुलांची आई किंवा वडील हयात असतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. गरिबी, आजारपण, व्यसन, घरातली मारहाण, लग्नाआधीचं बाळंतपण अशा कारणांनी ती तिथे आलेली असतात. त्यातल्या काहींना दत्तक घर लागेल. काहींच्या आईला दोन-तीन वर्षांचा आधार मिळाला तर ती मुलाला परत नेईल. दत्तकाला पाठबळ द्यायचं म्हणून आपण संस्थेला खेळणी आणि कपडे देतो. त्यातले काही पैसे एकट्या आईच्या घरभाड्यासाठी, तिच्या मुलाच्या पाळणाघरासाठी वळवावेत असं आपल्या मनात येत नाही. माझ्या मते पाठबळाची सुरुवात तिथून होते. हे म्हटलं की काही दत्तक पालक माझ्यावर नाराज होतात. बहीण होत नाही.

यात नवीन काही नाही, हेही सांगायला हवं. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं तेव्हा विधवांसाठी भिंतींवर जाहिरात लावली होती. गुपचूप या, सुखरूप बाळंत व्हा, आणि मूल न्यायचं की इथे ठेवायचं ते तुमच्या मर्जीवर, असा तिचा आशय होता. मर्जी बाईची! मोठमोठ्या देशांना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही जे उमगलं नाही ते त्या जाहिरातीत होतं. पुढे काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा या दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतला, तो यशवंत. जोतीरावांनी मृत्युपत्र करून त्याला वारस नेमलं, तो डॉक्टर झाला. पण १८९० मध्ये जोतीराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं, म्हणजे प्रेतापुढे न्यायचं मडकं, कुणी धरायचं यावरून भाऊबंदांनी वाद घातला. दत्तक मुलाचा हक्क त्यांना मान्य नव्हता. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः पुढे होऊन टिटवं हातात घेतलं. बाईने ते धरणं ही केवढी मोठी गोष्ट होती, यावर आपण भरभरून बोलतो, आणि बोलावंच. पण सोळा-सतरा वर्षं ज्याला मुलगा म्हणून वाढवलेलं सगळ्यांनी पाहिलं, त्याला ऐन त्या वेळी 'तू बाजूला हो' म्हणणारे आप्त होते, हेही त्यातच आहे. सात वर्षांनी प्लेगच्या साथीत यशवंताने दवाखाना चालवला आणि तिथेच रुग्णांची शुश्रूषा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई गेल्या.

गंमत अशी की गादीला वारस हवा असला की दत्तकाचं कुणालाही वावडं नसतं. सयाजीराव गायकवाड १८७५ मध्ये दत्तक आले, शाहू महाराज १८८४ मध्ये. त्यांचे 'खरे' वडील कोण, असं दबक्या आवाजात विचारताना मी कुणाला ऐकलेलं नाही. रोमच्या बादशहांपासून हा रिवाज चालत आलाय. घराण्याला मूल हवं, म्हणून दत्तक. मुलाला घर हवं, म्हणून दत्तक, हा विचार कायद्यात यायला पुष्कळ काळ जावा लागला. मॅसॅच्युसेट्सच्या १८५१ च्या कायद्यात न्यायाधीशावर जबाबदारी आली की हे दत्तक योग्य आहे अशी आपली खात्री झाल्याशिवाय त्याने मंजुरी द्यायची नाही. इंग्लंडला असा कायदा करायला १९२६ साल उजाडलं. आणि मुलाचं हित सगळ्यात वर, हे सबंध जगाच्या वतीने लिहिलं गेलं ते १९८९ च्या बालहक्क संहितेत. आपल्या बोलण्यात ते अजून उतरायचंय.

बोलण्याचं निघालंच आहे तर सांगते. आसपासची माणसं सगळ्यात जास्त देऊ शकतात ते बोलणं, आणि सगळ्यात जास्त घोटाळे करतात तेही बोलण्यातच. "हिची खरी आई कोण?" भाची शेजारी उभी असताना हे विचारलं गेलंय. ती चार-पाच वर्षांची असेल. बहिणीने शांतपणे सांगितलं, "मी. खोटी कुठे असते का?" विचारणाऱ्या बाई हसल्या, विषय संपला, पण भाची रात्री झोपेपर्यंत आईच्या कडेवरून उतरली नाही. दुसरं एक वाक्य दत्तक घेतल्याच्या दुसऱ्याच महिन्यात येतं. "आता बघा, तुम्हाला स्वतःचंही होईल!" म्हणजे ही आलेली कोण, पायगुण बघायला आणलेली? तिसरं म्हणजे घरोघरचा विनोद, "तुला बोहारणीकडून भांड्यांच्या बदल्यात घेतलं." भावंडं एकमेकांना चिडवतात, आजोबा नातवाला चिडवतात, सगळे हसतात. दत्तक मूल त्या खोलीत असलं की तेही हसतं, आणि कुठे बघावं ते त्याला कळत नाही. हा विनोद आमच्या घरातून आईने हद्दपार केला. तिने कुणाला भाषण दिलं नाही. कुणी सुरू केला की ती सरळ म्हणायची, "हे आपल्याकडे बोलत नाहीत." घरातल्या वडीलधाऱ्या बाईचं हे एक वाक्य दहा समुपदेशकांच्या तोडीचं असतं.

मग काय बोलावं, असं विचारणारे असतात. बाळ झाल्यावर बोलता तेच बोला. नाव काय ठेवलं, झोपते का, कुणाला ओळखायला लागली का. इतकं पुरे.

मूल घरी आल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांबद्दल मात्र जरा सविस्तर बोललं पाहिजे, कारण तिथे नातेवाइकांचा उत्साह आणि मुलाची गरज यांची थेट टक्कर होते. सगळ्यांना बघायला यायचं असतं, उचलून घ्यायचं असतं, मुके घ्यायचे असतात. संस्थेत वाढलेल्या मुलाने तोवर कितीतरी हात पाहिलेले असतात. सकाळची बाई वेगळी, रात्रीची वेगळी. असं मूल कुणाकडेही चटकन जातं आणि लोक म्हणतात, किती लाघवी आहे! लाघवी नसतं ते. कुठले हात कायमचे आहेत, ते त्याला अजून कळलेलं नसतं. म्हणून जाणकार सांगतात की सुरुवातीला भरवणं, न्हाऊ घालणं, झोपवणं, रडल्यावर उचलणं हे फक्त आईवडिलांनी करावं, बाकीच्यांनी हात आवरावेत. आमच्याकडे हे पाळायला आजीला फार जड गेलं. नात समोर आणि मांडीवर घ्यायची नाही! तिने मग दुसरं काम पत्करलं. भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या घालणं, दारावर आलेल्याला दारातूनच परत पाठवणं. हे शेवटचं काम तिच्याइतकं चोख कुणालाच जमलं नसतं.

आणि आईचं काय होतं? बाळंतिणीच्या थकव्याला समाजात जागा आहे. दत्तक आईच्या थकव्याला नाही, कारण 'तुला कुठे कळा द्याव्या लागल्या!' वर्षानुवर्षं वाट पाहून मूल घरी येतं आणि तिसऱ्या आठवड्यात ती न्हाणीघरात नळ सोडून रडत बसते, हे घडतं. दत्तकानंतर येणाऱ्या नैराश्याविषयी आता तज्ज्ञांनी भरपूर लिहिलंय. पण घरच्यांपुढे ते बोलायची चोरी, कारण हे मूल तर तूच मागून घेतलंस. अशा वेळी जी मैत्रीण येऊन "तू दोन तास झोप, मी बाहेर बसते" म्हणते, तिचं सगळं कौतुक मला करावंसं वाटतं. नोकरीच्या जागी तर आणखी रोकडा मामला असतो. ब्रिटनमध्ये दत्तक पालकाला बाळंतपणाच्या रजेइतकीच, ५२ आठवड्यांची रजा मिळू शकते. तो नियम करणाऱ्यांना एक गोष्ट कळली होती की रजा नुसती अंग भरून यायला नसते, ओळख व्हायलाही लागते. सहा वर्षांच्या मुलाला ओळख व्हायला तान्ह्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि नेमकी मोठ्या मुलासाठीच रजा द्यायला कितीतरी ठिकाणी खळखळ होते. तुम्ही कुठल्या कचेरीत अधिकाराच्या जागी असाल तर तुमच्या नियमावलीतलं ते पान एकदा उघडून बघा. बहुधा असं पानच नसेल.

शाळेकडे वळते. कॅनडातले समाजशास्त्रज्ञ डेव्हिड कर्क, स्वतःही दत्तक पिता, यांनी १९६४ मध्ये मांडलं होतं की आपलं घर इतरांपेक्षा काही बाबतीत वेगळं आहे हे मोकळेपणी मान्य करणाऱ्या दत्तक कुटुंबांत संवाद चांगला राहतो. वेगळं काही नाहीच असा आव आणणाऱ्यांना ते अवघड जातं. घर मोकळं असलं तरी शाळेत वंशवृक्षाचा तक्ता येतो. जन्माच्या दिवशीचा फोटो आणा, म्हणतात. विज्ञानात डोळ्यांचा रंग आईकडून की वडिलांकडून, ते लिहायला सांगतात. भाची तिसरीत असताना तिने तक्त्यात दोन झाडं काढली, एक पानांचं आणि एक नुसत्या खोडाचं. बाईंनी दुसरं खोडून टाकायला सांगितलं, कागद नीटनेटका दिसावा म्हणून. बहीण शाळेत गेली, भांडायला नाही, विचारायला. त्या बाई ऐकून घेणाऱ्या निघाल्या. पुढच्या वर्षीपासून 'तुमच्या आयुष्यातली महत्त्वाची माणसं कुठल्याही आकारात मांडा' असं त्या सांगू लागल्या, आणि मग कळलं की दत्तक नसलेल्यांनाही याने हायसं वाटलं. वडील सोडून गेलेला मुलगा वर्गात होता. आजीकडे वाढणारी एक मुलगी होती.

तिसरी-चौथीचं ते वय मुद्दाम सांगितलं. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रोडझिन्स्की यांनी १९८० च्या दशकात मुलांशी बोलून दाखवून दिलं की लहान मूल 'मी दत्तक आहे' हे पोपटासारखं छान सांगतं, पण त्याचा अर्थ त्याला सहा-सात वर्षांनंतर लागू लागतो. मला कुणीतरी घेतलं, म्हणजे त्याआधी कुणीतरी सोडलं, हे गणित तेव्हा सुटतं. आतापर्यंत हसतखेळत असलेलं मूल एकाएकी गप्प होतं, चिडतं, आणि घराबाहेरचे लोक म्हणतात, लाडावलंय. या वयात शेजारपाजाऱ्यांनी आणि शिक्षकांनी थोडा धीर धरला तरी फार झालं.

घरी येण्याच्या दिवसाचा वाढदिवस आम्ही सुरुवातीला साजरा करायचो. पाहुणे, भेटवस्तू, सगळं. दहाव्या वर्षी भाचीने सांगितलं की या दिवशी मला पाहुणे नकोत. का, ते सांगितलं नाही. आता त्या दिवशी ती आणि बहीण दोघीच कुठेतरी जातात. कुठे जातात, ते मी विचारत नाही. काही नातेवाइकांना हे रुचलेलं नाही. त्यांनी दरवर्षी मनापासून भेटवस्तू आणल्या होत्या, आणि आता त्या दिवशी फोन करावा की नाही, हेही त्यांना समजत नाही. मी त्यांना सांगते, दुसऱ्या दिवशी करा.

तिच्या जन्माविषयी जे काही माहीत आहे ते घरात तिघांनाच ठाऊक आहे. मी त्यात नाही, आणि हे मला सुरुवातीला टोचलं होतं. मी सख्खी मावशी! पण बहिणीचं म्हणणं सरळ होतं. ही माहिती मुलीची आहे, मी फक्त ती सांभाळतेय. चार लोकांना आधी कळलं आणि तिला शेवटी, असं व्हायला नको. दत्तक कुटुंबाला मदत करायची आहे, पण काय करावं ते सुचत नाही, असं म्हणणाऱ्यांनी न विचारण्यापासून सुरुवात केली तरी चालेल.

मोठेपणी मात्र विचारणं हा त्या मुलाचा हक्क असतो, आणि तो मिळवायला लोकांना फार झगडावं लागलंय. अमेरिकेत १९१७ मध्ये मिनेसोटाने दत्तकाच्या नोंदी लोकांच्या नजरेआड ठेवण्याचा कायदा केला. हेतू चांगला होता, जन्मावरचा बट्टा झाकायचा. पुढे बहुतेक राज्यांत या नोंदी ज्याच्या होत्या त्यालाही बघता येईनाशा झाल्या. स्कॉटलंडने १९३० च्या कायद्यातच सतराव्या वर्षी मूळ जन्मनोंद पाहायची मुभा दिली होती, इंग्लंडने १९७५ च्या कायद्याने अठराव्या वर्षी दिली. न्यूयॉर्क राज्याने हे दार उघडलं २०२० मध्ये. आयर्लंडने २०२२ मध्ये कायदा केला, तोवर कित्येक शोधणारे आणि ज्यांना शोधायचं ते, दोघंही म्हातारे झालेले होते. आता लाळेच्या नमुन्यावरून नातेवाईक शोधून देणाऱ्या चाचण्या निघाल्यामुळे गुपितं तशीही टिकत नाहीत.

भाचीला पुढच्या वर्षी अठरा पूर्ण होतील. शोध घ्यायचा की नाही, ते तिचं ठरलेलं नाही. पण नातेवाइकांत कुजबूज सुरू झाली आहे. "मग आईला काय वाटेल?" "हिला काय कमी केलं होतं?" पुन्हा ते खातं उघडलंच. मी त्यांना म्हणते, तुम्ही कुळाची माहिती काढायला जुन्या वह्या धुंडाळता, चार पिढ्यांपूर्वीचा कोण कुठून आला यावर तासन् तास बोलता, तेव्हा तुमच्या आईला काही वाटतं का? यावर बहुधा विषय बदलतो.

गेल्या महिन्यात ती वही घेऊन माझ्याकडे आली. ती आली त्या दिवशीचं मला काय काय आठवतं ते लिहून घ्यायला. अंगात काय होतं, कुणाच्या कडेवर होती, रडत होती का, संस्थेतल्या कुठल्या बाई दारापर्यंत सोडायला आल्या होत्या. मला आठवलं ते सांगितलं. त्या बाईंचं नाव आणि त्या तिला कुठल्या नावाने हाक मारायच्या, हे दोन्ही मला सांगता आलं नाही. बहिणीलाही नक्की आठवेना. मग आम्ही तिघींनी बसून संस्थेला पत्र लिहिलं, मजकूर तिचा, शुद्धलेखन माझं. संस्थेकडून पोच आली आहे, जुनी रजिस्टरं बघून कळवतो असं. तोवर हिची परीक्षा आहे, आणि सध्या तरी घरात तेवढ्यावरूनच आरडाओरडा चालू आहे.